खूण सांगून घेऊन जावे

लग्नातला ग्रुप फोटो काढणं सोपं काम नाही. नवरदेवाचे मामा पंगतीत अडकलेले असतात, आत्या कुठल्यातरी साडीवरून रुसलेल्या असतात, पोरं खुर्च्या ओढत पळत असतात आणि ज्यांना कुणी बोलावलंही नव्हतं अशी चार माणसं पहिल्या रांगेत येऊन हसत उभी असतात. बाकीचे फोटोग्राफर अशा वेळी "इकडे बघा, इकडे बघा" करून घसा बसवून घेतात. आमचा लिंबाजी असलं काही करत नसे. तो मांडवाच्या पार मागच्या टोकाला जाई, कॅमेऱ्याचा स्टँड काठीसारखा आडवा धरी आणि जिभेनं "चक् चक्, हुर्र्र, हुर्र्र" असा आवाज काढत सगळं वऱ्हाड स्टेजकडं हाकत आणी. आणि वऱ्हाड येई! मी स्वतः एका लग्नात हातात जिलबी घेऊन चालत गेलोय. आपण का चाललोय, हे मला स्टेजवर पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

माणसं उभी राहिली की तो बोट हलवत डोकी मोजी. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही मोजण्या जुळल्या की "भरले!" असं म्हणून खटका दाबी. जुळल्या नाहीत तर फोटो नाही. एकदा नवरीचा धाकटा काका सापडेना म्हणून त्यानं अख्खं वऱ्हाड उन्हात उभं करून ठेवलं आणि स्वतः पार्किंगपर्यंत हुडकत गेला. काका एका जीपमध्ये झोपला होता. त्याला दंडाला धरून आणला, रांगेत घातला, पुन्हा मोजलं. "भरले."

गुलमंडीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं आणि शेजारच्या गाळ्यात लिंबाजीचा स्टुडिओ. मधली भिंत अशी की तिकडं तो गिऱ्हाइकाला "हनवटी खाली" म्हणाला की इकडं माझीही हनुवटी खाली जायची. टायपिंग शिकवतो म्हणून तो मला 'सर' म्हणे. आपण या माणसाचे नुसते शेजारी नसून इंग्रजी लिहून देणारे वकीलही आहोत, हे मला हळूहळू कळलं.

लिंबाजी मूळचा करमाडचा. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणायचो, ते उभं आयुष्य कळपामागं चालले. पुढं शेंद्र्याकडं कारखान्यांच्या भिंती उठल्या, चरायची रानं प्लॉट पाडून विकली गेली आणि जे रान उरलं त्यात दुष्काळानं काही उगवू दिलं नाही. पहिल्याच वाईट उन्हाळ्यात आबांनी उरलीसुरली मेंढरं बाजारात नेली आणि नुसती काठी घेऊन परत आले. लिंबाजीकडं तेव्हा रिळाचा म्हातारा कॅमेरा होता आणि धंदा बसत चालला होता. आबांनी आलेले पैसे त्याच्या हातात ठेवले.

"घे तुझं ते यंत्र," आबा म्हणाले. "पन येवढं ध्यानात ठेव. आपला कळप आता त्याच्यात हाय. हे जनावर हातचं घालवू नको."

असा तो डिजिटल कॅमेरा आला. लिंबाजीनं त्याचं नाव ठेवलं काळी. कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढीचं तेच नाव होतं, आणि तिच्या गळ्यातली छोटी पितळी घंटी त्यानं कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधली. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या मागं ती किणकिणायची आणि भटजी दचकून वर बघायचे. कॅमेऱ्याला बॅग नव्हती. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली काळी त्याच्या खांद्यावर असायची.

दर रविवारी तो तिला घेऊन करमाडला जाई. आबा ती दोन्ही हातांत घेत, कुशीवर वळवून बघत, समोरच्या काचेत डोळा घालत आणि "तब्येत बरी हाय" म्हणून परत देत. आबांचा डावा कान ठार गेलेला होता, उजवा मर्जीप्रमाणे चाले. त्यामुळं त्या तपासणीच्या वेळी बापलेक फारसं बोलत नसत. मी एकदा सोबत होतो. तिथून निघताना लिंबाजी इतका खूश होता की त्यानं मला रस्त्यात दोनदा चहा पाजला.

मग काळीला डाग पडले.

पहिल्यांदा एका बारशाच्या फोटोंत दिसले. प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात बारीक करडे ठिपके आणि उजवीकडं एक चांगला ठसठशीत काळा ठिपका. लिंबाजीनं काच पुसली. ठिपके तिथंच. लेन्स बदलली. तिथंच. बारशाच्या घरची आजी फोटो घ्यायला आली तेव्हा हा घाबरून भिंतीपलीकडून मला हाका मारत होता. मी गेलो तर आजी फोटो डोळ्यांजवळ धरून खूश झालेली.

"अगं बाई, तीट बी आली का फोटोत! काजळ लावायचं राहून गेलतं बघ लेकराला. कुनाची नजर लागायची नाय आता."

योगायोगानं तो मोठा ठिपका बाळाच्या गालावर बसला होता. त्या दिवसापासून लिंबाजीच्या हाताला वेगळंच वळण लागलं. बाळ असलं की तो कॅमेरा असा काही तिरका धरी की ठिपका बरोब्बर गालावर यावा. लोक मुद्दाम तीटवाला फोटो काढायला येऊ लागले. पण नवरदेवांना तीट चालत नाही. एका नवरदेवाच्या नाकाच्या शेंड्यावर ठिपका बसला आणि त्याच्या सासऱ्यानं स्टुडिओत येऊन जी तक्रार केली ती मला भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू आली. त्यातले निम्मे शब्द मी टायपिंगच्या विद्यार्थ्यांसमोर ऐकायला नको होते.

मी इंटरनेटवर शोधलं. कॅमेऱ्याच्या पोटात सेन्सर नावाची एक छोटी पाटी असते. पूर्वी रीळ जे काम करायचं ते ती करते, म्हणजे फोटो तिच्यावर उमटतो. या मॉडेलमध्ये आतलं तेल आणि धूळ त्या पाटीवर उडते, असं कंपनीनं स्वतःच कबूल केलं होतं. कॅमेरा पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा, आम्ही तपासू आणि लागलं तर सेन्सर फुकट बदलून देऊ.

"फुकट काहून?" लिंबाजीनं संशयानं विचारलं.

"त्यांची चूक आहे म्हणून."

"मोठ्या मानसानं चूक कबूल केली म्हंजे पुढं आनखी मोठी चूक करायचा इरादा हाय त्याचा," तो म्हणाला. तरी त्यानं मला ईमेल लिहायला बसवलं. "लिवा सर. कंपनी सरकारास रामराम. आमची काळी आजारी हाय." मी इंग्रजीत लिहिलं की महोदय, माझ्या कॅमेऱ्यात दोष आहे. "आजारी लिवलं ना?" "लिवलं." "बेजार लिवा. आजारी हलकं वाटतंय."

कंपनीचं उत्तर आलं. दोष दिसेल असा एक फोटो पाठवा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा.

कोरी पांढरी भिंत शोधत आम्ही अर्धं शहर पालथं घातलं. तेव्हा शहर चहूबाजूंनी असं सुटलं होतं की भिंत उभी राहायच्या आधी तिच्यावरची जाहिरात तयार असायची. जिथं बघावं तिथं बोअरवेल, कोचिंग क्लास आणि "शहरालगत एन.ए. प्लॉट". एक भिंत पांढरी सापडली, तिचा फोटो काढेपर्यंत एक पेंटर डबा घेऊन आला आणि "जरा सरका" म्हणाला. शेवटी मी म्हणालो, "लिंबाजी, आकाशच काढा. त्याच्यावर अजून कुणी प्लॉट पाडलेले नाहीत."

आकाशाची तर आमच्याकडं चैनच होती. तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं आणि वर निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. नळाला आठवड्यानं पाणी, गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग. लिंबाजीनं दुकानासमोर उभं राहून वर नेम धरला, खटका दाबला, आणि मी फोटो पाठवला. चार दिवसांनी कंपनीनं कळवलं, तुम्ही लहान केलेला फोटो पाठवलात, मूळ आकारातला पाठवा. लहान मीच केला होता, कारण माझं इंटरनेट गरीब होतं, आणि मूळ फोटो लिंबाजीनं जागा करायला म्हणून पुसून टाकला होता.

तो पुन्हा कॅमेरा घेऊन बाहेर आला, आणि नेमका त्या दुपारी ढग आला.

एकच ढग. पण काळा, भरलेला, गुलमंडीच्या बरोबर वर. दुकानदार गल्ला सोडून रस्त्यावर आले, बायका गच्चीवर चढल्या, टँकरच्या रांगेतल्या माणसांनी घागरी खाली ठेवल्या. समोरचे चहावाले अफसरभाई गाळणी हातात धरून वर बघत राहिले आणि चहा उतू गेला तरी त्यांना कळलं नाही. सगळी गल्ली श्वास रोखून उभी, आणि मधोमध लिंबाजी, कॅमेरा आभाळाकडं करून, चिडलेला.

"ह्यो कुठनं तडमडला आता?" तो म्हणाला. थोडा वेळ थांबला. ढग हलेना. मग या माणसानं काय करावं? त्यानं स्टँड आडवा धरला, वर बघितलं आणि टिपेच्या आवाजात सुरू झाला, "हुर्र्र! हुर्र्र! चक् चक् चक्! हाड!"

आणि ढग हलला.

मी शपथेवर सांगतो, हलला. वारा सुटला असेल, काही असेल. पण गल्लीनं पाहिलं ते एवढंच की लिंबाजीनं हाकललं आणि ढग मान खाली घालून दौलताबादकडं निघून गेला. लिंबाजीनं शांतपणे स्वच्छ आकाशाचा फोटो काढला आणि वळला, तर सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती.

"ये क्या करे मियाँ!" अफसरभाई ओरडले. "तीन साल में एक बादल आया, उसकू भी भगा दिये?"

"मला फोटो काढायचाय, अफसरभाई, कंपनीला!"

"अरे कंपनी कू पानी नक्को, हमकू होना!"

आठवडाभर लिंबाजीला गल्लीत कुणी चहा दिला नाही. त्यात भर म्हणजे दौलताबादला खरंच चार थेंब पडले. तिकडचा एक पेरूवाला मुद्दाम स्टुडिओ विचारत आला, पाव किलो पेरू ठेवून गेला आणि जाताना म्हणाला, "जमलं तर परवाच्याला बी हाका की तिकडं." ते पेरू लिंबाजीनं अफसरभाईंना नेऊन दिले तेव्हा कुठं चहा सुरू झाला.

कंपनीनं फोटो मान्य केला. आता काळीला पुण्याला पाठवायचं होतं, आणि इथं लिंबाजीचा जीव कासावीस झाला.

"सर, त्यांच्याकडं अशी किती असतील?"

"कॅमेरे? शेकडो."

"सगळी काळी?"

"सगळे काळेच असतात."

चारदोन धनगरांचे कळप एका रानात एकत्र आले की मेंढरं मिसळतात, म्हणून जो तो आपापल्या मेंढरांना रंगाची खूण करतो. कुणी पाठीवर, कुणी कपाळावर. लिंबाजीच्या घरची खूण म्हणजे कपाळावर लाल अंगठा. त्यानं दुकानाच्या पाटीसाठी आणलेला लाल रंग काढला, त्यात अंगठा बुडवला आणि काळीच्या माथ्यावर, जिथं कंपनीचं नाव असतं तिथंच, उमटवला. घंटी सोडून खिशात ठेवली. मग भंडाऱ्याची पुडी काढून मूठभर हळद तिच्यावर उधळणार, तेवढ्यात मी हात धरला.

"अहो, धूळ झाली म्हणूनच पाठवतोय ना आपण!"

"ही धूळ नाय सर, भंडारा हाय."

शेवटी पुडी बंद करून खोक्यात सोबत ठेवायची, यावर तडजोड झाली.

तीन आठवड्यांनी खोकं परत आलं. मी, अफसरभाई आणि लिंबाजी, तिघांनी मिळून उघडलं. आत कॅमेरा, चकचकीत. हाताची पकड असते तिथला झिजलेला रबर नवा. काच स्वच्छ. एका वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत हळदीची पुडी, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी की ही पिवळी पावडर ग्राहकाची असल्यानं परत करत आहोत. लिंबाजीनं कॅमेरा उचलला. माथा पाहिला. कोरा. उलटा केला, सुलटा केला, कुशीवर वळवला.

"भंडारा माझा हाय," तो हळूच म्हणाला. "कॅमेरा माझा नाय."

मी वॉरंटीचं कार्ड काढून त्यावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या नंबराशी लावून दाखवला. आकडे तंतोतंत तेच होते.

"आकडा पाडला कंपनीनं, आनि मला दाखवती बी कंपनीच," लिंबाजी म्हणाला. "त्याच्यात माझं काय हाय? माझा अंगठा कुठंय?"

अफसरभाई म्हणाले, "नया मिल गया समझो, रख लो." तर हा त्यांच्याकडं असा बघायला लागला की जणू त्यांनी चोरी सुचवली. कळपात परक्याचं जनावर शिरलं तर धनगर काय करतो, ते त्यानं आम्हाला ऐकवलं. त्याला चारा-पाणी द्यायचं. त्याला मारायचं नाही, विकायचं नाही. पण त्याचं दूध काढायचं नाही आणि लोकर कातरायची नाही. मालक खूण सांगत आला की हवाली करायचं.

आणि त्यानं तसंच केलं. कॅमेरा वेगळ्या फळीवर ठेवला, वर स्वच्छ फडकं. रोज सकाळी बॅटरी चार्ज करून परत आत घाली, हा चारा. पण खटका एकदाही दाबला नाही. लग्नं मेहुण्याच्या खेळण्यासारख्या कॅमेऱ्यावर काढू लागला आणि नवऱ्या भुतासारख्या पांढऱ्या दिसू लागल्या. दुकानाबाहेर माझ्याच कागदावर मलाच छापायला लावलेली पाटी लागली: "एक कॅमेरा सापडला आहे. मालकाने खूण सांगून घेऊन जावे."

लोक आले, न यायला काय झालं? एक गृहस्थ म्हणाले, माझाच आहे, खूण अशी की रंग काळा आणि पुढं काच. एक कॉलेजचा पोरगा खूण म्हणून कंपनीचं नावच सांगू लागला. लिंबाजी प्रत्येकाला बसवून घेई, शांतपणे ऐकून घेई आणि "तुमचं दुसरीकडं असंल, हुडका" म्हणून सोडून देई. मी भिंतीपलीकडं डोकं धरून बसे.

यात मजा होती ती पहिले काही दिवस. मग माझ्या लक्षात आलं की तो करमाडला जात नाहीये. रविवार येई, हा दुकान उघडून नुसता बसे. आबांचा गावाकडून निरोप आला, काळी दिसली नाही लई दिवसांत. यानं सांगून पाठवलं, लग्नसराई आहे. दुसरा निरोप आला. यानं सांगितलं, ताप आहे. ढगाला हाकलणारा माणूस म्हाताऱ्या बापाला तोंड दाखवायला घाबरत होता. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही मिळून मी म्हणालो, "चला उद्या पुण्याला. तुमचा अंगठा कुठं गेला ते विचारू."

सर्व्हिस सेंटरमध्ये थंडगार हवा आणि काउंटरमागं एक मॅडम. लिंबाजीनं परक्याचं जनावर फडक्यासकट त्यांच्यासमोर ठेवलं. "ही तुमची ठिवा आनि आमची द्या." मॅडमना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मागं टेबलावर दुरुस्तीला आलेले तसलेच पाच-सहा कॅमेरे ओळीनं मांडलेले होते. लिंबाजीची नजर तिकडं गेली आणि त्याचा चेहराच बदलला.

"ती! ती तिसरी! ती बघा सर, कशी बसलीय! हीच आमची काळी!"

इतक्या खात्रीनं त्यानं बोट दाखवलं की मॅडमनी तो कॅमेरा काउंटरवर आणून दिला. लिंबाजीनं तो छातीशी धरला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "वाळली व्हय गं," म्हणाला. खिशातून घंटी काढली आणि बांधायलासुद्धा लागला. मॅडमनी अवघडत कागद दाखवला. तो कॅमेरा नाशिकच्या एका दातांच्या डॉक्टरांचा होता, आणि त्यातला कार्डावरचा फोटो मागच्या पडद्यावर लावला तेव्हा सगळ्या काउंटरला एक किडलेली दाढ दिसली.

मग मॅडमनी खरं काय झालं ते सांगितलं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर लाल डाग होता. त्यांच्या माणसाला वाटलं, लग्नाचं कुंकू नाहीतर रंग सांडलाय. त्यानं स्पिरिट लावून चांगला घासून काढला. पकडीचा रबर झिजला होता, तोही बदलून दिला. "आम्ही ग्राहकांसाठी जास्तीचं करतो," त्या म्हणाल्या.

लिंबाजीनं डॉक्टरांची दाढ परत केली, आपला कॅमेरा फडक्यात गुंडाळला आणि बाहेर पडला. परतीच्या एसटीत नगर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मी आनंदात होतो. म्हटलं, झालं की, आपलाच कॅमेरा आहे, काम फत्ते!

"सर," तो म्हणाला, "कंपनीनं फसवलं असतं तर बरं झालं असतं."

"का हो?"

"माझं जनावर महिनाभर माझ्या फळीवर बसून व्हतं आनि मला वळखू आलं नाय. वर दुसऱ्याचं छातीशी धरलं. धनगराच्या पोटी जलमलो मी. आबाला काय सांगू?"

हे हसण्यासारखं होतं, पण त्याचे डोळे भरले होते आणि मला हसू आलं नाही. मी नगरच्या स्टँडवर त्याला चहा पाजला. त्यानं तो तसाच ठेवला.

पुढच्या रविवारी मीच त्याला ओढून करमाडला नेला. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. समोर मेंढरांची रिकामी जागा, आणि तिच्या पलीकडं नव्या प्लॉटांचे चुना लावलेले दगड. लिंबाजी पुढं जाऊन उभा राहिला आणि खालच्या मानेनं सांगू लागला. आबांनी हात कानामागं नेला.

"मोठ्यानं बोल!"

मग लिंबाजीला आपली लाज बोंबलून सांगावी लागली. "आबा! मला काळी वळखू आली नाय!" शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. "काय?" "वळखू आली नाय! मी दुसरीच धरली!" एक म्हातारा रस्त्यावरून वळून आत आला. "कुनाची धरली?" "दातांच्या डॉक्टरची!" तोवर सात-आठ माणसं जमली होती आणि त्यांचा भलताच समज होत चालला होता, म्हणून मी मध्ये पडून, मीही बोंबलून, स्पिरिट आणि रबर यांची हकिकत सांगितली.

आबांनी कानामागचा हात खाली घेतला.

"घासली व्हय तिला?" त्यांनी विचारलं. "समदीच?"

"व्हय!"

"म्हंजे कातरली. मग कशी वळखू येईल, येड्या? कातरलेल्या मेंढीला तिचं सोताचं कोकरू वळखत नाय. जवळ जातंय, बघतंय आनि पळतंय. मग ती हाक देती. हाक आली की गपगुमान येतंय." आबांनी हात पुढं केला. "हिनं हाक दिली का?"

लिंबाजीनं मान हलवली. परक्याचं म्हणून त्यानं खटका दाबलाच नव्हता.

"दे हिकडं."

आबांनी कॅमेरा घेतला. उलटा-सुलटा केला, कुशीवर वळवला आणि कानाला लावला. "वाजव," म्हणाले. लिंबाजीनं खटका दाबला. खटाक. आबा डोळे मिटून बसले. "आनखी एकदा." खटाक.

"हीच," आबा म्हणाले. "आपली काळी. घे."

लिंबाजी मटकन खालीच बसला. हसत होता, रडत होता आणि खटका दाबत होता. लिंबाचे, बाजेचे, त्या बायकांचे, माझ्या चपलांचे, कशाचेही फोटो. मग उठला, घरातून लाल रंग आणला आणि माथ्यावर अंगठा उमटवला. घंटी बांधली. "हुर्र्र, हुर्र्र" करत आम्हा सगळ्यांना आबांच्या मागं हाकून उभं केलं, दोन्हीकडून मोजलं. "भरले!" त्या फोटोत कुठंही ठिपका नाही.

मघाशी खटका वाजला तेव्हा मी आबांच्या अगदी शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं होतं. त्यांनी कॅमेरा डाव्या कानाला लावला होता. जो ठार गेलेला होता, त्या.

मी कुणाला काही बोललो नाही. आबा पुढं दोन वर्षांनी गेले. गुलमंडी मीही सोडली, तिकडं झेरॉक्सला आता कुणी येत नाही. लिंबाजी मला अधूनमधून लग्नांतच भेटतो. मागच्या हिवाळ्यात बीड बायपासच्या एका लॉनवर भेटला. केस पांढरे, खांद्यावर तोच घोंगडीचा तुकडा, आणि पंगतीतून उठवून आणलेलं वऱ्हाड त्याच्यापुढं रांगेत. नवरदेवाचा कुणी मित्र कॅमेऱ्यावरच्या लाल अंगठ्याला हसला. मग काय, लिंबाजीनं स्टँड टेकवला आणि सगळी गोष्ट सुरू केली. मोजणी राहिली, नवरी ताटकळली. पुणं झालं, दाढ झाली, करमाड आलं.

"आनि आमच्या आबानं नुसत्या आवाजावरनं वळखली बरं का," तो म्हणाला. "असा उजव्या कानाला लावून."

मग तो थांबला आणि गर्दीत मला शोधून माझ्याकडं बघू लागला.

"सर व्हते तिथं. व्हय ना सर?"

"व्हय," मी म्हणालो. "उजव्याच."